सारायेव्होची गोळी, रेल्वेचं वेळापत्रक आणि तटस्थांचा घोडेबाजार

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका युवराजाच्या खुनावरून १९१४ साली अख्खा युरोप कसा पेटला? आणि त्या खुनाशी ज्यांचं काही देणंघेणं नव्हतं, जे सुरुवातीला शहाण्यासारखे बाजूला बसले होते, ते देश वर्ष-दोन वर्षांनी आपणहून त्या आगीत का उतरले?

शाळेत पाठ केलेली चार कारणं तूर्त बाजूला ठेवा. लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद आणि राष्ट्रवाद. चारही खरी आहेत, पण ती १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हाही होती, १९११ च्या मोरोक्को प्रकरणातही होती आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतही होती. तेव्हा महायुद्ध झालं नाही. लाकडं वाळलेली होती हे सांगून आग कोणी आणि कधी लावली ते कळत नाही.

'करारांच्या साखळीने सगळे ओढले गेले' हे वाक्य तर पेपरात सर्रास लिहिलं जातं आणि तपासलं की निम्मं कोसळतं. इटली १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या त्रिराष्ट्र करारात होती. रुमानियाचा १८८३ पासून त्याच बाजूशी गुप्त करार होता. ऑगस्ट १९१४ मध्ये दोघेही घरी बसले. उलट ब्रिटनचा फ्रान्सशी 'युद्धात उतरूच' असा बांधील करार नव्हता, होती ती १९१२ ची आरमारी वाटणी: फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात, इंग्लिश खाडीची राखण ब्रिटिशांकडे. तरी ब्रिटन उतरला. म्हणजे करार असूनही थांबता येत होतं आणि नसूनही उतरता येत होतं.

आता जुलै महिना. २८ जून १९१४ ला सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचे युवराज फ्रांझ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नीला गोळ्या घातल्या. ऑस्ट्रियाने लगेच सर्बियावर चाल केली असती तर कदाचित युरोपने हळहळून तोंड फिरवलं असतं. पण ऑस्ट्रियाने आधी बर्लिनला विचारलं, ५-६ जुलैला जर्मनीकडून 'काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत' असा कोरा चेक मिळवला, आणि मग अडीच आठवडे घालवले. २३ जुलैला सर्बियाला दहा मागण्यांचा खलिता गेला, मुदत ४८ तास. सर्बियाने जवळपास सगळं कबूल केलं, फक्त आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियन अधिकारी बसवण्याची सहावी मागणी नाकारली. २८ जुलैला सकाळी जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने ते उत्तर वाचून शेरा मारला की आता युद्धाचं प्रत्येक कारण संपलं. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. कोरा चेक देणाऱ्याला चेक वटायच्या दिवशी शंका आली, एवढाच त्याचा अर्थ.

इथून पुढे सूत्रं राजदूतांच्या हातून निसटून लष्करी वेळापत्रकाकडे गेली, आणि माझ्या मते उत्तराचा गाभा इथे आहे. रशियाचा झार निकोलस याने २९ तारखेला सार्वत्रिक लामबंदीचा, म्हणजे सगळं सैन्य युद्धासाठी जमवण्याचा, हुकूम काढला, कैसरची तार आल्यावर त्याच रात्री मागे घेतला, ३० तारखेला परत काढला. हा घोळ का? कारण रशियाकडे फक्त ऑस्ट्रियापुरत्या लामबंदीची धड योजनाच नव्हती. निम्मी लामबंदी सुरू केली की पुढे पूर्ण लामबंदीच्या गाड्या अडकणार, असं सेनापती बजावत होते.

जर्मनीची अडचण याहून बिकट. दोन आघाड्यांवर लढायचं तर रशिया जमवाजमव पुरी करेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवड्यांत, फ्रान्सचा निकाल लावायचा, ही जुना लष्करप्रमुख श्लीफेन याच्यापासून चालत आलेली आणि त्याच्यानंतरचा प्रमुख मोल्टके याने बदललेली योजना. फ्रान्सच्या सीमेवर किल्ल्यांची रांग, म्हणून वाट बेल्जियममधून. बेल्जियममध्ये शिरायचं तर लिएजची तटबंदी आणि तिथला रेल्वेचा नाका पहिल्या काही दिवसांतच हाती हवा. म्हणून बाकीच्या देशांत लामबंदी म्हणजे 'तयार राहा', तर जर्मनीत लामबंदी म्हणजे प्रत्यक्ष चढाई. रशियाने चोवीस तास घाई केली की बर्लिनमध्ये घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागायची.

१ ऑगस्टचा प्रसंग बघा. लंडनहून जर्मन राजदूताची तार आली की ब्रिटन फ्रान्सला तटस्थ ठेवू शकेल. कैसर खूश! मोल्टकेला म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेकडे वळवू. मोल्टकेने सांगितलं की ते होणार नाही. लाखोंच्या सैन्याची हलवाहलव अशी ऐनवेळी फिरवता येत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत कोलोनच्या पुलावरून ऱ्हाईन ओलांडून दर दहा मिनिटांना एक लष्करी गाडी पश्चिमेकडे जात होती, हे डोळ्यांसमोर आणलं की मोल्टके का हादरला ते समजतं. तारेतली बातमी अर्थात चुकीची निघाली.

जर्मनीने १ ऑगस्टला रशियावर आणि ३ तारखेला फ्रान्सवर युद्ध पुकारलं, ४ तारखेला बेल्जियममध्ये पाय टाकला. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं म्हणे, त्या ऑस्ट्रियाने रशियावर युद्ध पुकारलं ६ ऑगस्टला. ही एक तारीख लक्षात ठेवा, भांडण कधीच सर्बियापुरतं उरलं नव्हतं याचा तो पुरावा. ब्रिटनचं मंत्रिमंडळ २ ऑगस्टपर्यंत दुभंगलेलं होतं. १८३९ च्या करारात बेल्जियमच्या तटस्थतेची हमी होती, तिचा भंग झाल्यावर बहुतेकांचं एकमत झालं, तरी दोन मंत्र्यांनी राजीनामे दिलेच. हिंदुस्थानला कोणी विचारलंच नाही. लंडनने युद्ध पुकारलं की दिल्ली युद्धात, इतका सरळ हिशेब.

आता तटस्थ देश. तटस्थ राहणं ही नीतीपेक्षा बऱ्याचदा भाव वाढेपर्यंत थांबण्याची पद्धत असते. कुठलाही तटस्थ देश अभ्यासायला घेतला की तीन कागद शेजारी ठेवा. एक, त्याला काय हवंय आणि ते कोणाच्या ताब्यात आहे. दोन, करारावर सही झाली त्या आठवड्यात रणांगणावर कोण जिंकत होतं. तीन, त्याचा कोळसा, धान्य आणि कर्ज कुठून येतं. संसदेतली भाषणं नंतर वाचा, निर्णय बहुधा त्यांच्या आधी झालेला असतो.

सगळ्यात आधी तुर्कस्तान, कारण त्यात गैरसमज फार. लोकप्रिय गोष्ट अशी: ब्रिटनने तुर्कांसाठी आपल्या गोद्यांत बांधलेल्या दोन युद्धनौका, सुलतान उस्मान आणि रेशादिये, ऑगस्टच्या सुरुवातीला जप्त केल्या. त्यांच्यासाठी तुर्की जनतेने वर्गणी काढली होती, म्हणून तुर्क चिडून जर्मनीकडे गेले. राग खराच होता, पण जर्मनीशी गुप्त करारावर सही २ ऑगस्टलाच झाली होती आणि त्याची बोलणी जप्तीच्या आधीपासून चालू होती. तुर्कांची खरी भीती रशियाची. बाल्कन युद्धांत युरोपातला जवळजवळ सगळा मुलूख गेला होता, आणि एकटं राहिलं तर उरलेल्याचे लचके तोडले जातील असं युद्धमंत्री एन्व्हर पाशाच्या गटाला वाटत होतं.

तरी करार करून तीन महिने ते तळ्यात-मळ्यात करत राहिले, आणि त्या तीन महिन्यांत पुरेपूर वसुली केली. १० ऑगस्टला ब्रिटिशांना चुकवत गोबेन आणि ब्रेस्लाऊ या जर्मन नौका तुर्कांच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत शिरल्या. तटस्थ बंदरात लढाऊ नौका ठेवायच्या नाहीत हा नियम, म्हणून तुर्कस्तानने त्या 'विकत घेतल्या'. नावं बदलली, जर्मन खलाशांनी डोक्यावर फेझ टोप्या चढवल्या, ॲडमिरल सूशोन तोच राहिला. सप्टेंबरात परदेशी लोकांना असलेल्या करमाफीच्या आणि वेगळ्या न्यायालयांच्या सवलती एकतर्फी रद्द केल्या. सामुद्रधुनी बंद केली. ऑक्टोबरात बर्लिनहून रेल्वेने वीस लाख लिरा किमतीचं सोनं दोन हप्त्यांत आलं, तेव्हा कुठे २९ ऑक्टोबरला सूशोनने रशियाच्या ओदेसा आणि सेवास्तोपोल बंदरांवर तोफा डागल्या. मंत्रिमंडळातल्या बऱ्याच जणांना हे झाल्यावर कळलं.

याचा परिणाम आपल्या दारापर्यंत आला. तुर्कस्तान उतरलं म्हणून इराकची आघाडी उघडली, आणि तिथे धाडली गेली ती सहावी पूना डिव्हिजन. ६ नोव्हेंबरला फाओला उतरून त्याच महिन्यात तिने बसरा घेतलं. दीड वर्षाने, २९ एप्रिल १९१६ ला, कुत-अल-अमारा इथे याच डिव्हिजनला उपासमारीने शरण जावं लागलं. साधारण तेरा हजार कैद झाले, त्यांत बहुसंख्य हिंदी आणि त्यांत मराठा पलटणीही होत्या. इस्तंबूलच्या एका गटाने घेतलेल्या निर्णयाची किंमत सातारा-कोल्हापूरकडच्या घरांनी मोजली.

इटलीचा सौदा सगळ्यात उघडा आहे, कारण त्याचा कागदच बाहेर आला. त्रिराष्ट्र करार बचावाचा होता, ऑस्ट्रियाने स्वतः चढाई केली आणि आम्हाला विचारलंही नाही, या मुद्द्यावर इटलीने अंग काढून घेतलं. कायद्याने हे बरोबरच होतं. शिवाय करारात कलम सात होतं: ऑस्ट्रियाने बाल्कनमध्ये काही मिळवलं तर इटलीला मोबदला. हा मोबदला म्हणून इटलीला हवे होते त्रेंतिनो आणि त्रिएस्ते, आणि तेच ऑस्ट्रियाच्या ताब्यात. आपल्या मित्राकडे त्याचंच घर मागायची वेळ. ऑस्ट्रियाने खूप ओढाताण करून त्रेंतिनो द्यायची तयारी दाखवली, तीही ताबा युद्धानंतर. दुसऱ्या बाजूला असलेल्या ब्रिटन-फ्रान्सला दुसऱ्याची जमीन वाटायची होती, त्यामुळे त्यांचा हात सढळ. २६ एप्रिल १९१५ चा गुप्त लंडन करार ब्रेनर खिंडीपर्यंतचा प्रदेश, त्रिएस्ते, इस्त्रिया, दाल्मेशियाचा तुकडा, व्हलोना आणि पाच कोटी पौंडांचं कर्ज देत होता. अट एकच, महिन्याभरात युद्धात उतरायचं. तिसरा कागदही त्याच बाजूचा होता. इटलीचा जवळजवळ सगळा कोळसा समुद्रमार्गे येई आणि त्यातला बहुतेक ब्रिटनचा.

घोटाळा झाला तो तारखेचा. मार्चमध्ये रशियाने ऑस्ट्रियाचा प्शेमिश्ल किल्ला घेतला होता, सहीच्या आदल्या दिवशी तुर्कस्तानच्या गॅलिपोलीवर ब्रिटन-फ्रान्सचं सैन्य उतरलं होतं. ऑस्ट्रिया आता कोसळणार असं वाटत होतं. सही झाल्यावर सहाच दिवसांनी, २ मे ला, गोर्लिस-तार्नूफला जर्मनांनी रशियन आघाडी फोडली आणि ती मागे मागे जात राहिली. इटली २३ मे ला उतरली तेव्हा बाजार पडायला लागला होता. संसदेतले जवळपास तीनशे सदस्य तटस्थतावादी माजी पंतप्रधान जोलित्तीच्या घरी पाठिंबा म्हणून भेटपत्रं ठेवून आले, पंतप्रधान सालांद्राने राजीनामा दिला, राजाने त्यालाच परत बोलावलं. पाहिजे तर याला लोकशाही म्हणा. जर्मनीवर तर इटलीने ऑगस्ट १९१६ पर्यंत युद्ध पुकारलंच नाही. १९१७ अखेर बोल्शेव्हिकांनी गुप्त करार छापले तेव्हा हा व्यवहार जगाला आकड्यांसकट दिसला. दाल्मेशियाचा बहुतेक भाग हाती आलाच नाही, सुमारे सहा लाख माणसं गेली, आणि 'लंगडा विजय' म्हणत तिथे फॅसिस्टांनी पीक घेतलं.

बल्गेरिया आणि रुमानिया ही जोडी एकत्रच वाचा. बल्गेरियाला मॅसिडोनिया हवा होता. १९१३ मध्ये तो बराचसा सर्बियाकडे गेला होता आणि सर्बिया हा दोस्त राष्ट्रांचा, म्हणजे ब्रिटन-फ्रान्स-रशियाचा, मित्र. मित्राची जमीन दोस्त कसे देणार? जर्मनी मात्र आनंदाने देऊ शकत होती. गॅलिपोली फसलं होतं, ऑगस्ट १९१५ मध्ये वॉर्सा पडलं, ६ सप्टेंबरला बल्गेरियाने जर्मनीकडे सही केली आणि ऑक्टोबरात सर्बियाच्या पाठीत वार केला. तात्पुरत्या हिशेबाने अचूक वेळ, तीन वर्षांनंतरच्या हिशेबाने नाही.

रुमानियाचं उलट. त्यांना ट्रान्सिल्व्हेनिया हवा, तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या हंगेरीकडे. राजा कारोल जर्मन घराण्यातला, तो ऑक्टोबर १९१४ मध्ये वारला आणि पंतप्रधान ब्रातियानूला मोकळं रान मिळालं. दोन वर्षं तो दोन्ही बाजूंना धान्य आणि तेल विकत भाव चढवत राहिला. जून १९१६ मध्ये ब्रुसिलॉव्हच्या रशियन हल्ल्याने ऑस्ट्रियाची आघाडी फाटली, तेव्हा उतरायला हवं होतं. पण एकेका कलमावर घासाघीस करत १७ ऑगस्ट उजाडला, युद्ध पुकारलं २७ तारखेला आणि तोवर ब्रुसिलॉव्हचा दम संपला होता. त्यात मोठी चूक: बहुतेक सैन्य ट्रान्सिल्व्हेनियाकडे धाडलं, बल्गेरियाची बाजू विरळ ठेवली. डॅन्यूबवरचं तुर्तुकाया ६ सप्टेंबरला पडलं, पंचवीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. ६ डिसेंबरला बुखारेस्ट गेलं. माघार घेताना एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली प्लोएश्तीच्या तेलविहिरी आणि शुद्धीकरण कारखाने पेटवून दिले गेले. मजा अशी की १९१८ च्या मे महिन्यात शरणागतीचा तह करून रुमानिया १० नोव्हेंबरला, युद्ध संपायच्या आदल्या दिवशी, पुन्हा उतरला आणि ट्रान्सिल्व्हेनिया घेऊन बसला.

पोर्तुगालने फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटनच्या सांगण्यावरून लिस्बनला अडकून पडलेली जर्मन व्यापारी जहाजं ताब्यात घेतली, कारण पाणबुड्यांमुळे ब्रिटनला जहाजांची चणचण होती. ही जप्ती वसाहतींच्या बंदरांतही झाली, त्यात आपल्या मुरगावचाही समावेश होता. ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं. पोर्तुगालच्या मनात भीती होती अंगोला आणि मोझांबिकची, कारण त्यांची वाटणी करण्याची बोलणी ब्रिटन आणि जर्मनीने १८९८ मध्ये आणि पुन्हा युद्धाआधी केलेली होती. तहाच्या टेबलावर खुर्ची नसेल तर आपलंच ताट वाढलं जाईल, हा धडा त्यांना पाठ होता. सयाम आणि चीन १९१७ मध्ये याच खुर्चीसाठी उतरले. सयामला विषम करार मोडून घ्यायला तिचा उपयोग झाला. चीनने लाखाच्या वर मजूर युरोपात पाठवले, तरी शांडाँगमधले जर्मनीचे हक्क व्हर्सायला जपानच्या पदरात टाकले गेले. त्याविरुद्ध ४ मे १९१९ ला बीजिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले आणि चीनने तहावर सही केली नाही.

अमेरिकेबद्दल दोन टोकाची उत्तरं मिळतात: 'लुसिटानिया बुडवली म्हणून' किंवा 'बँकांचे पैसे अडकले म्हणून'. लुसिटानिया ७ मे १९१५ ला बुडाली, ११९८ माणसं गेली, त्यांत १२८ अमेरिकन. अमेरिका उतरली ६ एप्रिल १९१७ ला. जवळपास दोन वर्षांचं हे अंतर पहिल्या उत्तराला झेपत नाही. दुसऱ्यात तथ्य जास्त आहे: १९१७ पर्यंत दोस्तांना अमेरिकेतून सुमारे २३० कोटी डॉलरचं कर्ज मिळालं होतं, जर्मनीला तीन कोटीही नाही. पण नोव्हेंबर १९१६ च्या अखेरीस अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हनेच बँकांना विनातारण परकीय कर्जापासून सावध केलं आणि ब्रिटनचे धाबे दणाणले. जर्मनी आणखी काही महिने गप्प बसली असती तर ब्रिटनची खरेदी पैशाअभावी अडली असती.

ती गप्प बसली नाही, कारण तिच्या नौदलाने एक गणित मांडलं होतं. डिसेंबर १९१६ च्या टिपणात ॲडमिरल होल्ट्झेनडॉर्फने लिहिलं: महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवली तर पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल, अमेरिकन सैन्य पोचायच्या आत. १ फेब्रुवारीपासून तटस्थांचीही जहाजं न सांगता बुडवायला सुरुवात झाली. आकडा खोटा ठरला नाही, एप्रिलमध्ये साडेआठ लाख टनांच्या वर बुडालं. चुकलं ते बाकीचं: तटस्थ जहाजं भिऊन बंदरात बसतील, ब्रिटन पेरा वाढवून आणि काटकसर करून गव्हाची तूट भरणार नाही, आणि जहाजांचे तांडे करून त्यांना युद्धनौकांची सोबत देता येणार नाही, ही सगळी गृहीतकं. मे महिन्यापासून तांडे सुरू झाले आणि बुडणाऱ्या टनांचा आकडा उतरत गेला. नोव्हेंबर १९१८ पर्यंत सुमारे वीस लाख अमेरिकन सैनिक फ्रान्सला पोचले होते.

त्यात जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमानची तार. अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि मेक्सिकोने तिच्यावर चाल केली तर टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून देऊ, अशी. ती जर्मनीने पाठवली अमेरिकेच्याच राजनैतिक तारमार्गाने, ब्रिटिशांनी वाटेत उकलली, १ मार्चला वर्तमानपत्रांत आली. बनावट आहे म्हणून हात झटकायची सोय होती, झिमरमानने ३ मार्चला ती आपलीच असल्याचं कबूल केलं. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५० मतांनी युद्ध ठरलं. तरी राष्ट्राध्यक्ष विल्सनने दोस्तांशी करार केला नाही, 'सहयोगी' एवढंच नाव घेतलं. ऑस्ट्रियावर युद्ध पुकारलं डिसेंबरात, तुर्कस्तानवर आणि बल्गेरियावर कधीच नाही.

आणि जे शेवटपर्यंत बाहेर राहिले? त्यांच्यावर हेच तीन कागद ठेवून पाहा. नेदरलँड्सला कोणाकडून काही मुलूख नको होता, आणि त्याचं बाहेर राहणं दोघांनाही सोयीचं होतं. मोल्टकेने श्लीफेनची योजना बदलून डच भूमी टाळली ती याचसाठी, नाकेबंदी झाली तर श्वासनलिका म्हणून ती मोकळी असावी. ब्रिटनने ती नळी तोडली नाही, चिमटीत धरली: नोव्हेंबर १९१४ मध्ये डच व्यापाऱ्यांनी एक संस्था काढली, जी आयात माल जर्मनीला पुढे विकणार नाही अशी हमी द्यायची, तरच ब्रिटिश आरमार जहाज सोडायचं. फुकट काहीच नव्हतं. नॉर्वे तर कागदावर शेवटपर्यंत तटस्थ होता, आणि ब्रिटनला माल वाहून नेताना त्याची जवळपास निम्मी व्यापारी जहाजं आणि दोन हजारांच्या आसपास खलाशी समुद्रात गेले.